लेबलवरचा आकडा वाचा! हायड्रोजन पेरॉक्साइडचे तीन ते नव्वद टक्क्यांचे पराक्रम

३ एप्रिल १९८४. बायकोनूरहून राकेश शर्मांना घेऊन सोयूझ रॉकेट उडालं, तेव्हा त्याच्या इंजिनांचे पंप फिरवत होतं हायड्रोजन पेरॉक्साइड. खरचटलेल्या गुडघ्यावर टाकलं की फसफसतं, तेच हे रसायन. औषधाच्या दुकानातल्या बाटलीत ते तीन टक्के असतं, रॉकेटमध्ये ऐंशीच्या वर होतं. अधल्यामधल्या आकड्यांवर तुमचा शर्ट पांढरा होतो, दुधाचा खोका निर्जंतुक होतो, केस सोनेरी होतात आणि मोबाइलमधली चिप धुतली जाते.

पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. पेरॉक्साइडमध्ये ऑक्सिजनचा आणखी एक. हा जादाचा ऑक्सिजन गर्दीच्या लोकलच्या दारात लटकलेल्या प्रवाशासारखा असतो, स्टेशन दिसलं की उतरणारच. तो ज्याच्यावर उतरतो त्याचा रंग जातो, जंतू असेल तर मरतो, इंधन असेल तर पेटतं. मागे उरतं साधं पाणी. याच गुणामुळे पेरॉक्साइड रसायनांच्या दुनियेतला मला सगळ्यात आवडणारा पदार्थ आहे. काम चोख करायचं आणि मागे विषारी गाळ ठेवायचा नाही, असं जमणारी रसायनं फार थोडी.

पण हे कौतुक आकडा पाहूनच करायचं. बाजारात ‘ग्रेड’ म्हणतात त्यात तीन गोष्टी येतात: तीव्रता किती, शुद्धता किती आणि ते टिकावं म्हणून आत काय मिसळलंय. यातली एक जरी चुकली तरी काम बिघडतं, कधी माणूसही भाजतो.

जन्म पॅरिसचा, साल १८१८

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई जाक थेनार यांनी बेरियम पेरॉक्साइडवर आम्ल टाकून हे द्रव पहिल्यांदा मिळवलं. चित्रकार वापरतात तो कोबाल्ट निळा रंगही याच थेनार यांची देणगी. चित्रांशी पेरॉक्साइडचंही नातं जुळलं. जुन्या चित्रांतला शिशाचा पांढरा रंग हवेतल्या गंधकाच्या वायूमुळे काळा पडतो. पेरॉक्साइड लावलं की त्या काळ्या संयुगाचं पुन्हा पांढऱ्या संयुगात रूपांतर होतं.

पुढची पाऊणशे वर्षं रसायनशास्त्रज्ञांचा समज होता की हा पदार्थ शुद्ध रूपात टिकूच शकत नाही. १८९४ मध्ये रिचर्ड वोल्फेनश्टाइन यांनी निर्वात ऊर्ध्वपातन करून जवळजवळ शंभर टक्के शुद्ध पेरॉक्साइड वेगळं काढलं आणि कळलं, की पदार्थ स्वतः तसा बऱ्यापैकी शांत आहे. त्याला बिथरवतात त्यात मिसळलेले धातूंचे अंश. गंजाचा एक कण, धुळीची एक चिमूट, तांब्याचा स्पर्श, एवढ्यानं तो फुटू लागतो. ग्रेडची सगळी कहाणी खरं तर इथे सुरू होते.

शुद्ध पेरॉक्साइड दिसतं कसं? किंचित निळसर, पाण्याहून जवळपास दीडपट जड. ते उणे ०.४ अंशाला गोठतं, म्हणजे पाण्याच्या अगदी शेजारी. पण पाण्यात मिसळून पन्नास टक्के केलं, तर उणे ५२ अंशांपर्यंत द्रवच राहतं!

‘२० व्हॉल्यूम’ म्हणजे काय?

ब्युटी पार्लरमध्ये केस रंगवताना ‘२० व्हॉल्यूमचा डेव्हलपर’ असं कानावर येतं. प्रयोगशाळेत ‘१०० व्हॉल्यूम’ लिहिलेली बाटली दिसते. हा आकडा टक्क्यांचा नाही. एक लिटर द्रव पूर्ण फुटलं तर त्यातून किती लिटर ऑक्सिजन निघेल, ते तो सांगतो. तीन टक्के म्हणजे १० व्हॉल्यूम, सहा टक्के म्हणजे २०, बारा टक्के म्हणजे ४० आणि तीस टक्के म्हणजे १००. कारखान्यातलं पन्नास टक्क्यांचं पेरॉक्साइड जवळपास २०० व्हॉल्यूमचं भरतं. एका लिटरच्या पोटात दोनशे लिटर वायू!

म्हणून त्याचं झाकण कधी पूर्ण हवाबंद नसतं. मोठ्या कॅनच्या आणि ड्रमच्या झाकणाला वायू बाहेर पडायला बारीक वाट ठेवलेली असते, आणि म्हणून ते आडवे ठेवायचे नसतात. पेला-वाटीत काढलेलं उरलेलं पेरॉक्साइड परत बाटलीत ओतायचं नाही, हा नियमही याच कारणासाठी. सोबत गेलेला कचरा अख्खी बाटली फोडायला पुरतो.

तीन टक्के: फेस येतो, पण जखम?

जखमेवर येणारा फेस पाहून ‘जंतू मरतायत बघ’ असं सांगणारी एक पिढीच आपल्याकडे आहे. फेस खरा आहे, पण तो जंतूंचा नाही. आपल्या रक्तात आणि पेशींत कॅटालेज नावाचं विकर असतं. ते पेरॉक्साइडचे तुकडे करून पाणी आणि ऑक्सिजन बनवतं. त्याचा वेग थक्क करणारा आहे: कॅटालेजचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो. दिसतो तो हा ऑक्सिजनचा फेस.

या फेसाची जपानमधली एक गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात नोंदली गेली आहे. १९४६ मध्ये शिगेओ ताकाहारा नावाच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी अकरा वर्षांच्या मुलीच्या तोंडातल्या जखमेवर शस्त्रक्रिया केली आणि जखम धुवायला पेरॉक्साइड टाकलं. फेस आलाच नाही. उलट रक्त काळंतपकिरी पडलं. आधी त्यांना वाटलं, चुकून सिल्व्हर नायट्रेटची बाटली हातात आली. बाटली बरोबरच होती. मुलीच्या रक्तात कॅटालेज जवळजवळ नव्हतं. असा आनुवंशिक विकार असतो, हे जगाला त्या न आलेल्या फेसामुळे कळलं. आज त्याला ताकाहारा यांचंच नाव आहे.

मग जखमेवर पेरॉक्साइड टाकावं का? रोज तर नाहीच. ते जंतूंबरोबर जखम भरून काढणाऱ्या नव्या पेशींनाही मारतं. साध्या खरचटण्याला वाहतं स्वच्छ पाणी आणि साबण पुरतो. खोल, बंद जखमेत ते भरणं तर धोक्याचं, कारण सुटलेला वायू रक्तवाहिनीत शिरू शकतो.

तीन टक्क्यांची बाटली तरीही घरात असावी, असं माझं मत आहे. कपड्यावरचा ताजा रक्ताचा डाग थंड पाण्यासोबत ती झकास काढते. मात्र रंगीत कापडाच्या कोपऱ्यावर आधी थेंबभर टाकून पाहावं. बाटली उजेडापासून दूर ठेवावी, तपकिरी रंग तिला त्यासाठीच दिलेला असतो. जुन्या बाटलीतलं द्रव फसफसायचं थांबलं असेल, तर आता त्यात पाणीच उरलंय असं समजावं.

अमेरिकेत स्कंक नावाचा प्राणी आहे. त्यानं कुत्र्यावर फवारा मारला की वास आठवडेच्या आठवडे जात नाही. १९९३ मध्ये पॉल क्रेबाउम या रसायनशास्त्रज्ञांनी तीन टक्के पेरॉक्साइड, खाण्याचा सोडा आणि थोडा द्रवसाबण यांचं मिश्रण सुचवलं. वासाची गंधकयुक्त संयुगं त्यानं बदलून जातात आणि कुत्रा घरात घेण्याजोगा होतो. हे मिश्रण बाटलीत भरून विकता मात्र येत नाही. सुटणाऱ्या ऑक्सिजननं बाटली फुटेल!

तीनहूनही कमी: सॅनिटायझरमधला ०.१२५ टक्का

२०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांनी हँड सॅनिटायझर बनवायला घेतलं, ते आठवतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या पाककृतीत दहा लिटर सॅनिटायझरमागे तीन टक्क्यांचं पेरॉक्साइड ४१७ मिलिलिटर घालायला सांगितलंय. तयार मालात ते अवघं ०.१२५ टक्के उतरतं. एवढ्यानं हात काय निर्जंतुक होणार? होत नाहीतच, ते काम अल्कोहोलचं. अल्कोहोल जिवाणूंच्या बीजाणूंना मारू शकत नाही. ते बीजाणू बाटलीत किंवा कच्च्या मालात लपलेले असू शकतात. पेरॉक्साइड तिथे बाटली शुद्ध राखायला आहे.

सहा ते बारा टक्के: पार्लरचा प्रदेश

१८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात पेरॉक्साइडनं केस सोनेरी करून दाखवले गेले आणि एका नव्या फॅशनचा जन्म झाला. १९३१ मध्ये ‘प्लॅटिनम ब्लॉन्ड’ चित्रपट आला आणि जीन हार्लोच्या केसांनी जगाला वेड लावलं.

केसाच्या आतला मेलॅनिन हा रंगकण ऑक्सिजन पकडतो आणि बिनरंगी होतो, एवढंच त्यामागचं तंत्र. त्यासाठी पेरॉक्साइडला केसाच्या गाभ्यापर्यंत पोचावं लागतं. केसाचं बाहेरचं आवरण फुलवून ती वाट मोकळी करायचं काम अमोनिया करतो. पार्लरमधला तो झणझणीत वास त्याचाच. चेहऱ्याच्या ‘ब्लीच’मध्येही क्रीमच्या ट्यूबमध्ये पेरॉक्साइड आणि सोबतच्या पुडीत त्याला चेतवणारी पावडर असते. लव लपते ती रंग गेल्यामुळे, झडत नाही. क्रीम आणि पावडर यांचं प्रमाण अंदाजानं वाढवलं की कातडी भाजते. लग्नाच्या आदल्या दिवशी तो प्रयोग नकोच.

आणि केस पांढरे होतात त्यातही पेरॉक्साइडचा हात आहे. वय वाढतं तसं केसांच्या मुळाशी कॅटालेज कमी होतं, शरीरात तयार होणारं पेरॉक्साइड तिथे साठत जातं आणि रंगकण बनवणारी यंत्रणा बंद पाडतं. ब्रॅडफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटानं २००९ मध्ये हे दाखवून दिलं. म्हणजे पार्लरमध्ये पैसे देऊन करून घेतो तेच शरीर आतून फुकटात करतं!

दातांचा शुभ्रपणाही याच घराण्यातला. युरोपीय महासंघात ०.१ टक्क्यापर्यंतच्या वस्तू कुणालाही मिळतात, त्यावरच्या आणि सहा टक्क्यांपर्यंतच्या फक्त दंतवैद्याच्या हातून. हिरड्या भाजण्याच्या तक्रारी लक्षात घेता हा नियम मला अगदी रास्त वाटतो. संग्रहालयांतही याच तीव्रतेच्या आसपासचं पेरॉक्साइड सापळ्यांची हाडं पांढरी करायला वापरतात, कारण क्लोरीनचं ब्लीच हाडं ठिसूळ करतं.

तीस-पस्तीस टक्के: एकाच आकड्याची अनेक रूपं

इथून पुढे हातमोजे आणि चष्मा घालूनच वाचावं अशी परिस्थिती. तीस टक्क्यांचा थेंब बोटाला लागला की जागा पांढरीफटक पडते आणि चुणचुणते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा अनुभव ओळखीचा. तो पांढरेपणा कातडीत शिरून सुटलेल्या ऑक्सिजनच्या बारीक बुडबुड्यांचा. भरपूर पाण्यानं लगेच धुवायचं. डोळ्यांत गेलं तर मात्र वेळ न दवडता दवाखाना.

आता गंमत अशी, की पस्तीस टक्क्यांचं पेरॉक्साइड कागद गिरणीसाठी वेगळं, खाद्यउद्योगासाठी वेगळं. आकडा एकच, आतला माल निराळा. औद्योगिक ग्रेडमध्ये ते टिकावं म्हणून कथिलाची किंवा फॉस्फेटची संयुगं घातलेली असतात. खाद्य ग्रेडमध्ये कोणते स्थिरक चालतील आणि किती, यावर बंधन असतं.

या खाद्य ग्रेडचं सगळ्यात सुंदर काम पाहायचं तर फ्रिजबाहेर महिनोन्‌महिने टिकणाऱ्या दुधाच्या आणि ज्यूसच्या खोक्यांकडे पाहा. यंत्रात कागद-प्लास्टिक-ॲल्युमिनियमची ती पट्टी सत्तरेक अंश तापलेल्या, सुमारे पस्तीस टक्क्यांच्या पेरॉक्साइडमधून बुडून निघते, मग गरम निर्जंतुक हवेनं वाळते आणि लगेच तिच्यात दूध भरलं जातं. अमेरिकेनं या पद्धतीला १९८१ मध्ये परवानगी दिली. अट अशी, की खोक्यात उरणारा अंश दहा लाखांत अर्ध्या भागाहून जास्त नको. अशा खोक्यांचा पुठ्ठा बनवणारा टेट्रा पॅकचा मोठा कारखाना आपल्या चाकणला आहे.

आणि इथेच एक जीवघेणा गैरसमज जन्मला. ‘फूड ग्रेड’ लिहिलंय म्हणजे पिता येतं! पाण्यात काही थेंब टाकून प्यायलं की शरीराला ऑक्सिजन मिळतो, कर्करोग बरा होतो, असले दावे वर्षानुवर्षं फिरतायत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २००६ मध्ये पस्तीस टक्क्यांचं पेरॉक्साइड पिण्याविरुद्ध जाहीर इशारा दिला. ते पोटात गेलं की अन्ननलिका भाजते आणि सुटलेला वायू रक्तात शिरून जीव घेऊ शकतो. शरीराला ऑक्सिजन मिळतो फुप्फुसातून, पोटातून नाही. ‘फूड ग्रेड’ हा शिक्का खाद्यउद्योगातल्या यंत्रासाठी आहे, तोंडासाठी नाही. हे कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलं तर कृपा करून पुढे ढकलू नका, पाठवणाऱ्याला फोन करून समजावा.

दुधातही पेरॉक्साइड घालून नासणं लांबवण्याचे प्रकार होतात. भारतात ही भेसळच आहे. ती पकडायची चाचणी शाळेच्या प्रयोगशाळेतही जमेल इतकी सोपी: दुधात पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्चचं द्रावण टाकलं आणि निळा रंग आला, तर पेरॉक्साइड आहे.

पन्नास टक्के: इचलकरंजीपासून कागद गिरणीपर्यंत

महामार्गावर रसायनाच्या टँकरमागे नारिंगी पाटीवर ‘२०१४’ लिहिलेलं दिसलं, तर ते गाडीचं साल समजू नका. वीस ते साठ टक्क्यांच्या पेरॉक्साइडचा तो संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला क्रमांक आहे. साठच्या वरचं असेल तर ‘२०१५’. सोबत पिवळ्या चौकोनात वर्तुळावर ज्वाळा, म्हणजे हा माल स्वतः पेटत नाही पण दुसऱ्याला पेटवतो. असा टँकर पुढे असेल तर अंतर ठेवून चालवलेलं बरं.

भारतात पेरॉक्साइड बनवायला सुरुवात करणाऱ्यांत वाडिया समूहाची, १९५४ मध्ये स्थापन झालेली नॅशनल पेरॉक्साइड ही कंपनी येते. तिचा कारखाना कल्याणजवळ आहे. तिथे आणि जगात जवळपास सगळीकडे वापरतात ती पद्धत जर्मनीत १९३० च्या दशकात रीडल आणि फ्लायडरर यांनी विकसित केली. अँथ्राक्विनोन नावाचं संयुग पॅलेडियमच्या साथीनं हायड्रोजन उचलतं, मग हवेतल्या ऑक्सिजनला तो देऊन टाकतं, पेरॉक्साइड तयार होतं आणि संयुग पुन्हा पहिल्यासारखं होऊन पुढच्या फेरीला तयार. कच्चा माल म्हणून खर्च होतात ते फक्त हायड्रोजन आणि हवा.

इचलकरंजीत, भिवंडीत, सोलापुरात मागावरून उतरलेलं कोरं कापड पिवळट, खळ लावलेलं असतं. प्रोसेस हाउसमध्ये आधी खळ काढतात, मग कॉस्टिकमध्ये उकळून मेण-तेल घालवतात आणि मग नव्वद-पंच्याण्णव अंशांवर पेरॉक्साइडनं पांढरं करतात. पेरॉक्साइड हळूहळू फुटावं म्हणून सोडियम सिलिकेट घालतात. पाण्यात लोह असेल तर ते एकाच जागी जोरात फुटतं आणि कापडाला बारीक भोकं पडतात. या धंद्यातल्या माणसाला पाण्यातलं लोह म्हणूनच डोळ्यात खुपतं.

रंगवण्याआधी उरलेलं पेरॉक्साइड काढावंच लागतं, नाहीतर रंग नीट चढत नाही. त्यासाठी एक विकर घालतात. मिलमधले लोक त्याला ‘पेरॉक्साइड किलर’ म्हणतात. ते विकर म्हणजे कॅटालेज! ताकाहारांच्या पेशंटच्या रक्तात नव्हतं तेच. गुडघ्यावरचा फेस आणि रंगकामाची हौदी, दोन्हीकडे एकच कारागीर.

जगभरातलं सगळ्यात जास्त पेरॉक्साइड मात्र कागदाकडे जातं. लाकडाचा लगदा पूर्वी क्लोरीननं पांढरा करत, त्यातून क्लोरीनयुक्त विषारी संयुगं नद्यांत जात. पेरॉक्साइडनं ती कटकट कमी केली. रद्दीच्या वर्तमानपत्रांची शाई काढतानाही लगदा पिवळा पडू नये म्हणून तेच वापरतात. तुम्ही विकलेली रद्दी पुन्हा कागद होऊन घरात येते, त्यात पेरॉक्साइडचा हात असण्याची दाट शक्यता आहे.

द्रव पेरॉक्साइड सांभाळणं अवघड, म्हणून त्याला पावडरीतही बांधतात. धुण्याच्या सोड्याशी जोडलं की सोडियम परकार्बोनेट बनतं आणि गरम पाण्यात ते पेरॉक्साइड सोडतं. डाग घालवणाऱ्या ‘ऑक्सिजनवाल्या’ पावडरी त्याच्याच. या कल्पनेचा आद्य साबण जर्मनीच्या हेंकेल कंपनीचा, १९०७ मधला पर्सिल. त्यात सोडियम परबोरेट आणि सिलिकेट होतं, आणि दोघांच्या आद्याक्षरांवरून नाव.

सत्तर-नव्वद टक्के: इथे चुकीला माफी नाही

सत्तर टक्क्यांचं पेरॉक्साइड सुती चिंधीवर सांडलं तर काडी न लावता ती पेटू शकते. त्याच्याही वरचं, पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांचं, चांदीच्या जाळीवरून सोडलं की क्षणात फुटून सहाशे अंशांवरची वाफ आणि ऑक्सिजन बाहेर फेकतं. इंजिनासाठी दुसरं काय हवं?

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या व्ही-२ रॉकेटचे पंप ऐंशी टक्क्यांच्या पेरॉक्साइडवर फिरत. सोयूझनं तीच कल्पना पुढे नेली, आणि माणसांना परत आणणाऱ्या तिच्या कुपीला दिशा देणारे छोटे झोतही पेरॉक्साइडचेच. नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर उतरायचा सराव ज्या विचित्र उडत्या सांगाड्यावर केला, तोही पेरॉक्साइडच्या झोतांवर तोल सांभाळायचा. १९६८ च्या मे महिन्यात तो कोलमडला आणि आर्मस्ट्राँग ऐन वेळी आसनासकट बाहेर फेकले जाऊन वाचले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला पाठीवर रॉकेट बांधून मैदानावर उडालेला माणूस आठवतो? त्या ‘रॉकेट बेल्ट’मध्ये नव्वद टक्क्यांचं पेरॉक्साइड होतं आणि उड्डाण वीस-एकवीस सेकंदच टिकायचं.

ब्रिटनची कथा चटका लावणारी. पेरॉक्साइड आणि केरोसीनवर चालणारं ‘ब्लॅक ॲरो’ रॉकेट त्यांनी बनवलं. त्याच्या झोताला जवळपास रंगच नसायचा. सरकारनं जुलै १९७१ मध्ये प्रकल्प बंद केल्याचं जाहीर केलं. तरी तयार असलेलं रॉकेट २८ ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियातल्या वूमेराहून उडालं आणि ‘प्रॉस्परो’ उपग्रह नेमका कक्षेत जाऊन बसला.

पाण्याखाली मात्र या ग्रेडनं माणसं मारली. १६ जून १९५५ रोजी पोर्टलंड बंदरात ‘सिडन’ या ब्रिटिश पाणबुडीत पेरॉक्साइडच्या टॉर्पेडोचा स्फोट झाला, तेरा जण गेले. ब्रिटिशांनी तो नाद सोडला. रशियानं सोडला नाही. १२ ऑगस्ट २००० रोजी ‘कुर्स्क’ पाणबुडीत टॉर्पेडोतून गळलेलं पेरॉक्साइड धातूला लागून फुटलं आणि ११८ जण गेले. तोच पदार्थ, तोच स्वभाव. बंद नळीत, गंजलेल्या जोडाशेजारी, निसटायला वाट नसताना तो काय करतो, हे पंचेचाळीस वर्षं आधी सगळ्यांना कळलेलं होतं.

कारखान्याशिवायचं पेरॉक्साइड

बॉम्बार्डियर नावाचा भुंगेरा भारतातही सापडतो. त्याच्या पोटात एका पिशवीत पेरॉक्साइड, सुमारे पंचवीस टक्के, आणि सोबत हायड्रोक्विनोन. शत्रू आला की मिश्रण मजबूत कप्प्यात सोडतो, तिथे कॅटालेज आणि त्याचे भाऊबंद हजर. शंभर अंशांचा उकळता फवारा उडतो, सलग नाही तर सेकंदाला पाचशेच्या आसपास झटक्यांत. १९६९ मध्ये अमेरिकी कीटकतज्ज्ञ थॉमस आयझनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तापमान मोजलं.

मधाची जंतुनाशक ताकदही बरीचशी पेरॉक्साइडची आहे. मधमाशी मधात एक विकर मिसळते, मध पातळ झाला की ते विकर साखरेपासून थोडं थोडं पेरॉक्साइड बनवत राहतं. आपल्या पांढऱ्या पेशीही जंतू गिळल्यावर त्याच्यावर हेच सोडतात.

जत्रेत मुलांच्या मनगटावर चमकणाऱ्या कांड्या कडकन वाकवल्या की आतली काचेची नळी फुटते. त्या नळीत पेरॉक्साइड असतं. गुन्ह्याच्या जागी पुसून टाकलेलं रक्त निळं चमकवणाऱ्या ल्युमिनॉलच्या फवाऱ्यातही तेच.

आणि आकाशात? गुरूच्या युरोपा या चंद्राच्या बर्फावर ते सापडलंय, मंगळाच्या हवेत सापडलंय, २०११ मध्ये भुजंगधारी तारकासमूहातल्या धुळीच्या ढगात सापडलं, आणि २०२४ मध्ये वेब दुर्बिणीनं प्लूटोच्या कॅरॉन या चंद्रावरही त्याची सही ओळखली.

पुन्हा तीस टक्के, पण कुठल्या?

सगळ्यात महागडं आणि लाडावलेलं पेरॉक्साइड रॉकेटमधलं नाही. ते तीस-एकतीस टक्क्यांचं असतं आणि संगणकाच्या चिप धुतं. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या वेर्नर केर्न यांनी सिलिकॉनची चकती धुण्याची दोन पायऱ्यांची पद्धत बसवली. पहिल्या पायरीत पेरॉक्साइड आणि अमोनिया सेंद्रिय मळ आणि कण काढतात, दुसरीत पेरॉक्साइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल धातूंचे अंश. इतक्या वर्षांनंतरही जगभरच्या कारखान्यांत तिचीच रूपं वापरतात.

या ग्रेडमध्ये धातूची अशुद्धता अब्जात, आणि अगदी वरच्या प्रतीत लाख कोटींत काही भाग, इतकी कमी ठेवावी लागते. सोडियमचे, लोहाचे मोजके अणू चिपवर बसले तरी ट्रान्झिस्टर बिघडतो. बाहेरचा स्थिरकही चालत नाही, कारण तीही अशुद्धताच. म्हणजे ज्या कथिल-फॉस्फेटच्या आधारानं कागद गिरणीचं पेरॉक्साइड शांत राहतं, तो आधारच इथे काढून घ्यायचा आणि तरी ते टिकवायचं. त्यासाठी भांडी खास फ्लोरोपॉलिमरच्या अस्तराची, गाळण्या अतिसूक्ष्म आणि भरायची खोली शस्त्रक्रियागृहापेक्षाही स्वच्छ. गुजरातमधल्या धोलेरा येथे टाटा इलेक्ट्रॉनिक्सच्या चिप कारखान्याची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. असा कारखाना सुरू झाला की त्याला रोज लागणाऱ्या रसायनांत हे पेरॉक्साइड अगदी पुढच्या रांगेत असतं. कापडाचं आणि कागदाचं पेरॉक्साइड आपण सत्तर वर्षं बनवत आलोय. आता हे बनवण्यात आपल्या कारखान्यांनी हात घालावा, असं मला मनापासून वाटतं.